रिकाम्या गावातला धूर

वोडोंगाच्या क्लिनिकला मी महिन्यातून एकदा जाते. मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नहून सकाळी निघायचं, फ्रीवेने सरळ उत्तरेला. गावात शिरण्याआधी मी वाट वाकडी करून ह्यूम तलावापाशी थांबते. धरण झालं तेव्हा इथली दरी पाण्याखाली गेली, पण नदीकाठची बरीचशी झाडं तशीच राहिली. ती उभ्या जागी बुडाली, उभ्या जागी मेली, आणि अजून उभीच आहेत. थंडीत सकाळी तलावावर धुकं उतरतं तेव्हा पाणी दिसत नाही, फक्त राखाडी, बिनसालीची खोडं दिसतात. एकामागे एक, लांबवर. कुणीतरी नाव पुकारेल म्हणून थांबलेली माणसं असावीत तशी. मग धुक्यातून एखादा काकाकुवा ओरडत जातो आणि दरीचा पलीकडचा काठ तो आवाज उचलून परत देतो.

"काय बघतेस त्या मेलेल्या झाडांत?" नवरा विचारतो. तो एकदाच माझ्यासोबत आला होता आणि गाडीतून उतरलाही नव्हता.

मी तिथे भूतान बघते.

माझ्या बाबांचं काम नद्या मोजायचं. पुण्यात शिकलेले, पुढे धरणांच्या सर्वेक्षणात आयुष्य गेलेले. मी शाळेत असताना त्यांची बदली भूतानच्या दक्षिणेकडच्या डोंगरात झाली. आईने भाजणी, मेतकूट, आमसुलं असं सगळं पत्र्याच्या डब्यांत भरलं आणि आम्ही आगगाडी, मग बस, मग जीप असं करत त्या देशात शिरलो. सीमेवर एक रंगीत कमान होती. कमानीच्या अलीकडे धूळ, हॉर्न, गर्दी, आणि पलीकडे पाऊल टाकलं की एकदम शांतता. आई म्हणाली होती, "कान बंद झाल्यासारखं वाटतंय गं."

त्या देशाला समुद्र नाही. उत्तरेला बर्फ, दक्षिणेला आम्ही राहायचो तसे उष्ण, झाडीने भरलेले डोंगर, आणि सगळ्या नद्या वरून खाली आमच्याच दिशेने धावत येणाऱ्या. आमच्या शाळेत केरळहून आलेले एक सर भूगोल शिकवायचे. फळ्यावर ते देशाची आकृती काढायचे आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं: उत्तरेला अमुक, दक्षिणेला तमुक, चारी बाजूंनी जमीन. भिंतीवर राजाचा फोटो. शाळेत मुलांनी घो घालायचा, मुलींनी किरा, म्हणजे त्यांचा जाड विणीचा, अंगाभोवती गुंडाळायचा पायघोळ पोशाख. दुपारच्या उन्हात त्या कापडाला लोकरीचा, घामाचा आणि सुपारीचा एकत्र वास यायचा. जिल्ह्याचं ऑफिस आणि मठ एकाच किल्ल्यात, पांढऱ्या तिरक्या भिंतींच्या आत. एका दारातून फायली घेतलेले कारकून बाहेर पडायचे, दुसऱ्यातून लाल वस्त्रातले भिक्षू, आणि दोघे एकाच अंगणात उन्हाला बसायचे. मला वाटायचं, सरकार म्हणजे असंच असतं. आतून कुठून तरी मोठ्या कर्ण्याचा खोल आवाज येतो, बाहेर माणसं उगाच हळू बोलतात.

आमच्या कॉलनीच्या खाली, उतारावर, नेपाळी बोलणाऱ्यांचं गाव होतं. लाल मातीने सारवलेली घरं, संत्र्यांच्या बागा, वेलदोडा. तिथली पार्वती माझ्या वर्गात होती. तिची आई आमच्याकडे दूध घालायची. मी पार्वतीकडून नेपाळी शिकले ती अशी की पुण्याला आल्यावर आजी म्हणायची, ही पोर झोपेत कुठल्या भाषेत बडबडते?

पार्वतीने एकदा विचारलं होतं, "समुद्राचा पलीकडचा काठ दिसतो का?"

"नाही."

"मग तो आहे हे कसं कळतं?"

मी आणखी एक संत्रं सोललं. आम्ही दोघी संत्र्याच्या झाडाखाली बसून फोडी खात होतो. संध्याकाळ झाली की उतारावरून तिच्या आजोबांची हाक यायची. सगळं गाव त्यांना बाजे म्हणायचं, म्हणजे आजोबाच. सुकलेल्या खारकेसारखा लहानसा माणूस, तोंडात एकही दात नाही, पण आवाज असा की समोरचा डोंगर जागा व्हायचा. "ए मैनाऽऽ!" पार्वतीला मैना म्हणणारे ते एकटेच. त्यांची हाक समोरच्या कड्यावर आपटून परत यायची आणि परत येताना थोडी बदललेली असायची, जणू तिकडून दुसराच कुणी म्हातारा दुसऱ्याच मैनेला बोलावतोय. पार्वती त्या दुसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. म्हणायची, "पहिली बाजेंची, दुसरी डोंगराची. डोंगराला उत्तर दिलं नाही तर तो रागावतो."

मग एका हिवाळ्याची लांब सुट्टी आली. आम्ही पुण्याला गेलो. सुट्टी संपवून परत आलो तेव्हा गाव रिकामं होतं.

का रिकामं झालं ते तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. मोठी माणसं बोलता बोलता थांबायची. नेपाळी बोलणाऱ्यांना देशाबाहेर घालवलं होतं, हे पुढे मी वाचलं, ऐकलं, समजूनही घेतलं. पण त्या वाचलेल्या गोष्टींना कसला वास नाही, आवाज नाही. माझ्या आठवणीत फक्त ती दुपार आहे, आई आणि मी दुधाची चौकशी करायला खाली उतरलो ती.

दारं उघडी होती. एका अंगणात जात्यावर अर्धा दळलेला मका, त्याला बुरशी आलेली. दोरीवर एक लहान झबलं, ऊन-दवाने कडक झालेलं. आम्ही हाक मारली, कुणी ओ दिली नाही. बागांमधली संत्री कुणी तोडलीच नव्हती. झाडं फळांनी लगडून वाकलेली, आणि खाली कुजलेल्या फळांचा केशरी थर. त्याचा आंबूस, गोड, दारूसारखा वास सगळ्या उतारावर पसरलेला. मध्येच धप्प असा आवाज व्हायचा. आई प्रत्येक वेळी दचकून मागे बघायची. वळायची, कुणी नसायचं, आणखी एक संत्रं पडलेलं असायचं.

ऊन कलल्यावर गाई आल्या. रानातून आपल्या आपण, रोजच्या वाटेने, गळ्यातल्या घंटा वाजवत. प्रत्येक गाय आपापल्या अंगणात गेली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. हंबरली नाही. नुसती उभी.

"चल," आई म्हणाली आणि माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आम्ही कॉलनीच्या कुंपणापाशी उभे होतो. दिवेलागणीची वेळ. खालच्या गावातल्या एका छपरातून धूर निघू लागला. मग शेजारच्या. मग त्याच्या खालच्या. एकेक करत सगळ्या घरांतून धूर आला, अगदी पूर्वी यायचा तसा, आणि दरीत आडवा पसरला. माणसाची हालचाल कुठेच नव्हती. आवाज नव्हता. कॉलनीतल्या बायका घरात गेल्या आणि कड्या लावून बसल्या. कुणी तरी रामरक्षा सुरू केली. बाबा तेवढे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भुतं चूल पेटवत नाहीत. तिथे कुणीतरी आहे."

रविवारी ते मला घेऊन खाली गेले. बाजे होते. एकटेच. सगळ्यांबरोबर ते गेलेच नव्हते. रोज संध्याकाळी ते एका घरातून दुसऱ्या घरात जायचे, प्रत्येक चुलीत दोन काटक्या पेटवायचे, विझेपर्यंत बसायचे, मग पुढचं घर.

"का पण?" बाबांनी विचारलं.

"चूल थंड राहिली की घर माणसाला विसरतं," बाजे म्हणाले. "परत येतील तेव्हा घराने ओळखायला नको?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. "मैना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण पुढच्या प्रत्येक वेळी ते मला तेच विचारायचे.

साइटवरच्या साहेबांनी बाबांना बजावलं होतं, आपण इथे परके, इथल्या गोष्टीत पडायचं नाही. बाबांनी हो म्हटलं. आणि रोज ऑफिस सुटल्यावर आईने दिलेला मऊ मेतकूट-भाताचा डबा घेऊन ते उतार उतरायला लागले. दात नसलेल्या माणसाला तेवढंच चालायचं. मी बरोबर असले की बाजे मला घरं दाखवायचे, हे अमक्याचं, हे तमक्याचं. आतली माणसं नुकतीच पाण्याला गेलीत अशा आवाजात. एका घरात त्यांनी मला खूण केली: हळू बोल, बाळ झोपलंय. मी रिकाम्या पाळण्याकडे पाहिलं. मी खरंच हळू बोलले.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? धरण कधी झालंच नाही, आम्ही त्याच वर्षी पुण्याला परतलो, मी मोठी झाले, ऑडिऑलॉजी शिकले, लग्न करून मेलबर्नला आले. आता लोकांचे कान तपासते.

गेल्या जूनमधली गोष्ट. त्या दिवशीही मी धुक्यातली झाडं बघून क्लिनिकला पोचले होते. पहिली पेशंट एक वृद्ध बाई, अंगात फरिया, म्हणजे नेपाळी पद्धतीचं पातळ, आणि त्यावर पफर जॅकेट, कपाळाला मोठी टिकली. सोबत सून, माझ्याच वयाची, एज्ड केअरच्या युनिफॉर्ममध्ये, नाइट शिफ्ट संपवून थेट आलेली. मी नेपाळीत "बसा, आमा" म्हटल्यावर दोघी चपापल्या. आमा म्हणजे आई, पण कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला म्हणतात. वोडोंगा-ऑलबरीत भूतानमधून निघून, नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहून इथे आलेली बरीच कुटुंबं आहेत. माझी नेपाळी तिथे उपयोगी पडते. ती कुठून आली, हे मी कुणाला सांगत बसत नाही.

आमांना साउंडप्रूफ खोलीत बसवलं. त्या खोलीत इतकी शांतता असते की स्वतःचं रक्त ऐकू येतं. हेडफोन लावले. बारीक टोन ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेरून टोन देत होते. आमा बटण दाबत नव्हत्या. आणि मी काहीच आवाज दिलेला नसताना त्यांनी पटकन दाबलं. परत दाबलं. आणि दाराकडे वळून बघितलं.

मी आत गेले. "आमा, काय ऐकू आलं?"

"तोच म्हातारा," त्या म्हणाल्या. "हाका मारतो. डोंगराच्या पलीकडून."

यात नवल नव्हतं. कान कमी ऐकायला लागले की मेंदू जुने आवाज स्वतःच वाजवत बसतो. माझ्या एका इटालियन आजोबांना बँड ऐकू येतो, एका पंजाबी आजींना शबद. मी तसं सांगायला तोंड उघडलं आणि सवयीने विचारलं, "कुणाला बोलावतो?"

"मैनाला. ए मैनाऽऽ म्हणतो. आमच्या घरात मैना कुणी नाही, त्याला मी किती वेळा सांगितलं. ऐकत नाही."

सून दारात उभी होती. तिच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली आणि गडगडत खुर्चीखाली गेली. ती उचलायला कुणीच वाकलं नाही.

"आमांना हे नाव माहीत नाही," ती हळू म्हणाली. "कुणालाच माहीत नाही. मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. मला मैना म्हणणारा एकच माणूस होता."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि त्या थकलेल्या चेहऱ्यात एक मुलगी शोधत राहिले.

"संत्र्यांची बाग," मी म्हणाले. "वर कॉलनी. केरळचे सर."

तिने माझा दंड धरला. "इंजिनियरची मुलगी?"

आम्ही दोघी रडलो नाही. ती आधी माझ्या चेहऱ्याला हात लावून बघत होती, कपाळ, गाल, हनुवटी, आंधळं माणूस बघतं तसं. मग तिने जे विचारलं ते तिच्या माहेरची माणसं इतकी वर्षं एकमेकांना विचारत आली होती.

"बाजेंचं काय झालं?"

त्यांना माहीतच नव्हतं. निघताना बाजे रानात जाऊन लपले होते. शोधायला वेळ नव्हता. तिच्या वडिलांना वाटलं होतं, चार दिवसांत येऊन घेऊन जाऊ. छावणीत लोक सांगायचे, मेला असेल म्हातारा, दर्भाचा पुतळा करून संस्कार करून टाका. तिचे वडील कधी तयार झाले नाहीत. "जिवंत माणसाला जाळू कसा?" म्हणायचे. आणि मग छावणीतल्याच एका पावसाळ्यात तेच गेले. बाजेंची तिथीच माहीत नाही, मग श्राद्ध कुठलं? पितृपक्षात बाजेंच्या नावाने पाणी सोडताना तिच्या आईचा हात थांबायचा. जिवंत असले तर? सोडलं नाही तर मेलेला तहानलेला राहील, सोडलं तर जिवंताला मारल्यासारखं. ती आईही गेली. हा प्रश्न आता पार्वतीकडे आला होता.

पुढची अपॉइंटमेंट रद्द करून मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं.

होळीची पौर्णिमा होती. कॉलनीच्या मैदानात आम्ही मुलांनी लाकडं रचली होती, मधोमध एरंडाऐवजी कुठल्याशा रानझाडाची फांदी. घराघरातून पुरणाचा, वेलदोड्याचा वास येत होता. दिवेलागण झाली आणि खाली एकाही घरातून धूर आला नाही. सगळी कॉलनी कुंपणापाशी आली. आधी धुराला घाबरायचे तेच लोक आता धूर नाही म्हणून गप्प उभे होते. बाबा टॉर्च घेऊन उतरले. परत आले तेव्हा त्यांनी आमची रचलेली होळी मोडायला घेतली. ओंडका उचलला, खांद्यावर टाकला, चालायला लागले. मग मेसचा आचारी पुढे आला, मग ड्रायव्हर, मग एकेक करून सगळे. साहेबही आले. एक ओंडका त्यांनीही उचलला.

"बाजे कुठे होते?" पार्वतीने विचारलं.

"तुमच्याच घरात. चुलीपाशी. काटक्या हातात होत्या. झोपल्यासारखे होते."

नदीकाठी चिता रचली. अग्नी बाबांनी दिला. मी वरून पाहिलं, दरीत एकच ज्वाळा आणि तिच्या उजेडात आजूबाजूचं पाणी. त्या वर्षी आमची होळी पेटली नाही. पुरणाच्या पोळ्या कुणी खाल्ल्या नाहीत. बाबा परत आल्यावर घराबाहेर गार पाण्याने आंघोळ करत होते आणि आई अंधारात टॉवेल धरून उभी होती. त्यांनी या गोष्टीचा नंतर कधी उच्चार केला नाही.

"फागु पूर्णिमा," पार्वती पुटपुटली. तिथी मिळाली होती. तिने ती दोनदा, तीनदा म्हटली, हरवू नये म्हणून. मग हातांनी तोंड झाकून रडली. आत काचेपलीकडे आमा हेडफोन लावून बसून होत्या आणि मान तिरकी करून ऐकत होत्या. काय, ते मी विचारलं नाही. मला माझ्या शास्त्रातलं उत्तर येतं, पण ते तिथे पुरं पडत नव्हतं, आणि अजूनही पडत नाही.

या मार्चमध्ये होळीच्या पौर्णिमेला मी वोडोंगाला गेले, क्लिनिकचा दिवस नसताना. नदीकाठच्या गवतावर पार्वतीच्या घरच्यांनी चटया टाकल्या होत्या. उन्हाळा लांबलेला, गवत पिवळं वाळलेलं, निलगिरीसारख्या गम झाडांचा उग्र वास. टोटल फायर बॅन होता, वणव्याच्या भीतीने उघड्यावर काहीच पेटवायचं नाही, त्यामुळे उदबत्तीसुद्धा नाही. भटजी म्हणजे त्यांच्यातलेच एक, एरवी वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारे. ते म्हणाले, "अग्नी त्या वेळी मिळालाय. आज पाणी पुरे." पार्वतीचा भाऊ दुसऱ्याच देशात, म्हणून विधीला ती स्वतः बसली. कुणी हरकत घेतली नाही. बाजेंचं नाव, गोत्र, तिथी. तिथीपाशी तिचा आवाज चढला, जणू पलीकडच्या काठावरच्या कुणाला सांगत होती. तीळ, जव, दर्भ, आणि तिच्या बोटांमधून निसटत नदीत पडणारं पाणी. यंदा तिचा हात थांबला नाही.

मी जरा मागे, झाडाला टेकून उभी होते. सगळं आटोपलं असं वाटलं. भटजी सामान आवरायला लागले.

"थांबा," पार्वती म्हणाली. "अजून एक."

"कुणाचं?"

"ज्याने अग्नी दिला त्याचं."

सगळे माझ्याकडे वळले.

बाबा गेले तेव्हा कोविडमुळे विमानं बंद होती. मी क्रेगीबर्नच्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर त्यांचा अंत्यविधी पाहिला. फोन कुणा नातेवाइकाच्या हातात होता आणि तो हात हलत होता, त्यामुळे मला बाबांपेक्षा आभाळच जास्त दिसलं. मग नेट गेलं. पुन्हा जोडलं तोवर सगळे घरी निघाले होते. भावाने तिकडे सगळं यथासांग केलं. मी काहीच केलं नाही, कारण इथे बसून काय करतात ते मला माहीत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पेशंट होते.

"गोत्र?" भटजींनी विचारलं.

"काश्यप."

"नाव?"

मला सांगता येईना. आयुष्यात कधी मी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. पार्वती चटईवर बाजूला सरकली, माझ्यापुरती जागा केली आणि हाताने गवताचे तुकडे झटकले. मी चपला काढल्या. तिच्या शेजारी बसले. तिने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन ओंजळ नीट जुळवली आणि लोट्यातलं पाणी ओतलं. नदीचंच होतं, बर्फासारखं गार.

"केशव," मी म्हणाले. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग मोठ्याने म्हणाले, "केशव," आणि हात उघडले.